उजवा पाय

संपाचा एकोणिसावा दिवस.
निवतीच्या वाळूत रापणीचा दोर ओढतोय मी.
सहा वर्षं या हातांनी फक्त थ्रॉटल धरला
आणि चहाचा कागदी कप;
पहिल्या तासातच फोड आले.
बाबा बघतात. पगार बंद म्हणून पोरगा दोराला लागला
याचं त्यांना वाईट वाटतं की बरं,
तोंडावरून कळत नाही.
त्या तोंडावरून व्यापाऱ्यालाही कधी कळलं नाही
सुरमई किती लागलीय.

नऊ चाळीसला आवाज आला.
दीपगृहाच्या अंगानं, खडकांवरून,
दोन पंख्यांचं आमचंच विमान.
किनाऱ्यावरची पोरं हात हलवायला लागली.
म्हणजे कुणीतरी गेलं.
म्हणजे मुंबईत गेटाबाहेर फलक धरून उभ्या असलेल्या
आमच्या तेवीस जणांमधून
काळ्या काचांच्या गाडीत कुणीतरी आत गेलं,
टोपी मांडीवर, मान खाली.

कोण, ते वळणावरच कळलं.
चाकं इतक्या उशिरा एकच माणूस सोडतो.

आग्नेल लोबो. वेंगुर्ल्याचा.
नाताळात त्याच्या आईचा दोदोल
होस्टेलच्या खोलीत आम्ही पट्टीनं कापून खायचो.
प्रतिज्ञापत्रावर सातवी सही त्याची, आठवी माझी,
माझं पेन उठेना म्हणून त्याच्याच पेनानं.
परवा रात्री त्याचे तीन कॉल येऊन गेले.
मी उचलले नाहीत.
युनियननं सांगितलंय,
डळमळणाऱ्याशी एकट्यानं बोलायचं नाही.
हप्ते मलाही आहेत, आग्नेल.
हे मी फोनकडे बघून म्हणालो,
तो वाजायचा थांबल्यावर.

मतलई आज सरळ नव्हती.
उत्तरेकडून तिरकी, मध्येच धक्का देणारी.
विमानाचं नाक डावीकडे,
कुर्ल्यासारखं आडवं आडवं सड्याकडे सरकत होतं.
वर सड्यावर, जांभ्याच्या कडेपाशी,
हा वारा एकदम पडतो. त्याला माहीत आहे.
माहीत आहे ना?
थांब. अजून नाही. अजून थोडं.
आता. आता सरळ कर.

माझा उजवा पाय घोट्यापर्यंत वाळूत गेला.
डावा हात छातीकडे आला, हळूच,
भरलेली कळशी उचलावी तसा.

दोर सुटला.
मागच्या चौघांना हिसका बसला,
भिकू कांबळी गुडघ्यावर आपटला,
जाळं दोन हात पाण्यात परत गेलं.

"दोर सोडलंस," बाबा म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं होतं,
भिवाकाका पर्ससीनच्या बोटीवर लागला
त्या संध्याकाळी.
अकरा वर्षं झाली.
विहीर एकच, पाणी भरायच्या वेळा वेगळ्या.

सड्यामागे पंख्यांचा तो खरखरीत आवाज झाला,
वेग मोडतानाचा. मग काही नाही.
उतरला.

मी दोर पुन्हा धरला. फोड फुटला होता.
कुणी काही विचारलं नाही,
भिकूनं फक्त मला स्वतःच्या पुढे घेतलं,
डोळ्यांसमोर राहावा म्हणून.

वाटे पडले.
माझा इतरांएवढाच: बांगडे, थोडी खवली,
एक लेप कुणाच्यातरी पायाखाली आलेली.
पिशवीत टाकतोय तोवर फोन थरथरला.
गटावर मेसेज होता:
आज चिपीला कोण गेलं? कोकणातल्या कुणाला कळलं तर
नाव द्या.

हाताला खवले होते. काच ओली झाली,
अक्षरं दोनदा चुकली.
मी नाव लिहिलं. पूर्ण. आडनावासकट.

लँडिंग चांगलं झालं, हेही लिहिलं होतं.
ते पाठवण्याआधी पुसलं.

दहा पाचला तो परत उडणार.
बाबा पिशवी घेऊन पुढे गेले,
म्हणाले, "जेवूक येतंस मा?"
मी म्हटलं, पाय धुऊन येतो.

दहा वाजून अकरा मिनिटं झाली तरी
मी पाण्यात तसाच उभा होतो.
वारा अजून तिरकाच होता.