व्हायोला वाजवणाऱ्याचं म्हणणं

लग्नात लोक विचारायचे, ही मोठी व्हायोलिन का?
मी हो म्हणायचो.
जेवणाआधी वाद कशाला.

पहिली व्हायोलिन शिर्के, दुसरी फली दस्तूर,
चेलोवर निरूबेन,
आणि मी मधे,
जिथे कुणाचा कान जात नाही,
पण मी तापानं पडलो तर म्हणतात,
आज काहीतरी ओकंबोकं लागत होतं.

सुरुवात खंडेराव मार्केटमागे,
पेट्या दुरुस्त करणाऱ्या फकीरभाईंच्या माळ्यावर.
खाली उघडे भाते, सरसाचा वास.
वर चार खुर्च्या, त्यातली एक पानवाल्याची,
दहाच्या आत परत करायच्या बोलीवर.
शिर्के म्हणायचे, चला, सूर मिळवा,
की फकीरभाई खालून भलतीच पट्टी दाबून धरायचे,
मुद्दाम.

निरूबेन मोजायच्या एक, बे, त्रण, चार.
फली इंग्रजीत, शिर्के मराठीत.
मी तिघांचंही ऐकून
चौथ्याच ठिकाणी यायचो.

दोनशे वर्षांपूर्वीचे जर्मन वाजवले
बँकेच्या शाखेत फीत कापताना,
दातांच्या डॉक्टरांच्या संमेलनात,
नाताळला फतेगंजच्या चर्चमधे.
नवरात्रात शिर्क्यांनी गरब्याची चाल चौघांत वाटली,
गोंधळाची वाटली, यमनही वाटला.
तीव्र मध्यम त्यांनी स्वतःकडे ठेवला.
माझ्याकडे पंचम, येईल जाईल तेव्हा.
श्रोते मोजायची मला खोड.
सर्वांत कमी तीन,
त्यातला एक लाइटवाला.

मग म्युझिक कॉलेजातली अवनी ढमढेरे आली,
पाठीवर सॅक, हातात कागदांची गुंडाळी.
कागदावर सुरांच्या जागी रेघोट्या.
म्हणाली, विश्वामित्री आहे ही.
इथे गज तारेवर नुसता टेकवा, ही मगर.
इथे लाकडानं मारा.
इथे बारा सेकंद काहीच करू नका,
पण करत असल्यासारखे बसा.
निरूबेन म्हणाल्या, हे तर मी
लग्न झाल्यापासून करते.
आणि त्या बारा सेकंदांनंतर
अकरा बार, व्हायोला एकटी.
(बार हा शब्द गुजरातेत जपून वापरतो मी,
पण तोच आहे.)

एकटी?
मी कागद उलटा करून पाहिला.
पंचवीस वर्षांत एकटं मी
फक्त गाडी लावायला गेलो होतो.

वाजवलं. हात थरथरला, ती म्हणाली,
असाच हवा होता.
दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठून गेले
आणि दारात थांबले,
दार धरून, शेवटपर्यंत.
आत की बाहेर, अजून ठरवता आलेलं नाही मला.

पुराच्या साली माळ्याच्या सातव्या पायरीला पाणी लागलं.
खाली पेट्या तरंगत होत्या,
भात्यांत पाणी शिरून एकेक सूर सोडत.
चेलो आम्ही डोक्यावर घेतला,
फली पुढे, मी मागे,
गणपती नेतात तसा,
फक्त पाण्यातून बाहेर.
जर्मन सगळे भिजले.
यमन कागदावर नव्हताच.

नंतर फली मुलाकडे ऑकलंडला गेला.
त्याच्या खुर्चीवर पाच वर्षांत चौघे बसले,
एकाला आयटीत नोकरी लागली, एकाला मुंबई.
आता अवनीच बसते.
शिर्क्यांचा डावा हात कापतो.
ते त्याला व्हिब्राटो म्हणतात.
आम्हीही म्हणतो.

परवाच्या गुरुवारी पुन्हा नदी काढली.
मगर झाली, लाकूड झालं,
चौघं गज उचलून बसलो,
काहीच न करता,
खाली रावपुऱ्याकडे वळणारी एक रिक्षा,
निरूबेनचा श्वास,
सात, आठ,
नऊ,

आणि जिन्यावर पावलं:
पानवाल्याचा मुलगा,
दहा वाजले, खुर्ची.

थांब रे,
माझे अकरा बार राहिलेत.