ओला चेंडू

माझ्या उजव्या हाताची ही करंगळी बघा,
उपटलेल्या खिळ्यासारखी वाकडी.
हे इगी ब्रेझिनाचं हस्ताक्षर.
नऊ उन्हाळे मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.
तो फेकायचा, मी झेलायचो,
बाकी बोलणं फारसं नव्हतंच.

आठव्या वर्षी तो खाणीवर,
पायाखालून धावणाऱ्या काळ्या ओढ्यातून
दगड वेचायचा, न बघता, नुसत्या बोटांनी.
चेंडूची शिवण त्याला अंधारातही सापडायची
ती त्यामुळे.

गालात एल्मच्या झाडाची साल.
मोज्याआड तोंड नेऊन, कबुलीजबाब द्यावा तसा,
चेंडूला थुंकी लावायचा.
मग तो गिरकी न घेता यायचा,
पाहुण्यासारखा सरळ, अदबीनं,
आणि उंबऱ्याशी आला की
पायरी चुकल्यासारखा खाली.
भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.
पळून जातं कुठे? इगीच्या तोंडात.

पेपरवाले त्याचं नाव दर वेळी वेगळं छापत.
ब्रेझिनो. ब्रिझ. एकदा तर ब्राउन.

सतरा साली मोठ्या लीगची तार आली.
अकरा सामने. चार जिंकले, सहा हरले,
एक अंधारात बुडाला.
परत आला तेव्हा अंगावर नवा कोट,
आणि सांगायला एवढंच:
तिथे हॉटेलात चादरी रोज बदलतात.

मग विसाचा नियम.
चेंडू यापुढे कोरडा.
वरच्या मूठभर जुन्यांना सूट, निवृत्त होईपर्यंत थुंका म्हणाले.
त्या यादीत इगी नव्हता.
असता तरी कुठल्या नावानं असता?

जूनमधला शेवटचा सामना. आठवा डाव,
तिन्ही बेस भरलेले, पंच पेंगुळलेला.
मी मांडीआड जुनी खूण केली: ओला.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग थुंकला. जमिनीवर.
आणि कोरडा टाकला.
कुंपण, रूळ, पलीकडचं धोब्याचं अंगण,
चेंडू कुणालाच सापडला नाही.

दुसऱ्या सोमवारी तो खाणीत उतरला.
हातावर पोट असतं माणसाचं,
त्याचं तर दोन बोटांवर होतं.

गेल्या ईस्टरला भेटलो.
ओसरीवर डबा घेऊन खोकत बसला होता.
डब्यात बघितलं, काळंभोर.
म्हणाला, "ही लावली असती ना,
तर दोन फूट खाली गेला असता."

मी हसलो.
तो नाही हसला, मनात अंतर मोजत होता.
थंडी होती. करंगळी ठणकायला लागली.