थांब

"बस" ती चार दिवसांत शिकली.
जवारीच्या भाकरीचा करपलेला काठ
तिच्या नाकावरून हळूच मागे न्यायचा,
डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली.
हे मला कोणी सांगितलं नाही.
दळणाचं पोतं असंच बसतं,
तोंड वर उचललं की बुडाला भार येतो.

जिनिंगच्या कुंपणाशी सापडली,
सरकीच्या ढिगात, म्हणून सरकी.

"थांब" मात्र येत नाही.
चक्कीचा उंबरा आणि पट्टा, मध्ये तीन हात जागा.
लाईन आली की मोटर गुरगुरते, पट्टा फटकन ताणतो
आणि ही त्याच्यामागे,
जणू तिचीच शेपूट कोणी पळवली.

पुंजाराम म्हणतो, "एक रट्टा दे न व वहिनी,
मंग पाय कशी थांबते."
नाही दिला.
रट्ट्याने मीही पुष्कळ शिकले.
काय शिकले ते आठवत नाही,
हात आठवतो.

म्हणून लाईन नसली की
पट्टा नुसता हाताने फिरवते.
थांब. तुकडा. थांब. तुकडा.
पिठाने पांढरं झालेलं नाक उंबऱ्यावर टेकलेलं.
एक, दोन, तीन,
चारला ती उडी मारते.

घाटंजीला डॉक्टर उईकेंनी तिचे दात पाहिले,
बोटांच्या पेरांवर महिने मोजले.
"पहिल्या माजाआधी केलं तर पुढं गाठींची भीती कमी.
अंग भरू द्यायचं असलं तर एक माज जाऊ द्या.
दोन्ही चालते. तुम्ही ठरवा."
मी मागे वळून पाहिलं,
कोणाला म्हणतात म्हणून.

देवकाबाई म्हणते, "एक वेत तं होऊ दे, माय,
मुक्या जिवाचा तळतळाट कायले घेतं?"
धाकटा पुण्याहून फोनवर, "कुत्रीचं ऑपरेशन?"
आणि मग बराच वेळ हसतो.
कोणी बोलत नाही मागच्या भादव्याचं.
बसथांब्यामागच्या पांढरीच्या मागे सात कुत्रे,
पुढे नालीच्या पाइपात सहा पिल्लं,
संक्रांतीपर्यंत एक.

माझं शाळेच्या व्हरांड्यात झालं.
तेविसावं लागलेलं, धाकटा आठ महिन्यांचा.
एका सतरंजीवर ओळीने एकोणीस बाया.
सासऱ्यांनी कागदावर बोट ठेवलं, तिथे अंगठा.
मला सही येत होती.
वाईट नाही वाटत. तिसरं मलाही नको होतं.
फक्त "कधी" असं कोणी विचारलं असतं,
तर म्हटलं असतं, कापूस वेचून झाल्यावर.
तिसऱ्या दिवशी ओटी बांधून पराटीत उभी होते,
टाक्यांवर बोंडांचं ओझं.

सरकीला विचारता येत नाही.
विचारलं तर चप्पल आणून देते.

म्हणून तिला आणखी एक शब्द शिकवते आहे, "पोट".
कुशीवर पडायचं, मागचा पाय सैल सोडायचा,
माझा हात फिरेल तितका फिरू द्यायचा.
आधी चावली. मग नुसते दात लावले.
काल झोपच लागली तिला.
गुलाबी पोट, मधोमध पिठाची रेघ,
पुढे टाके बरोबर तिथेच येतील.
हात तिथे आला की माझाच श्वास अडकतो,
तिचा नाही.

पोळ्याच्या आत.
भादवा लागायच्या आत, सोयाबीन फुलावर असताना,
गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा.
दहा दिवस ती आत झोपेल, पट्ट्यापासून लांब,
आणि मी चक्की एकच वेळ चालवीन.
ठरलं. अजून हात थरथरतो,
पण ठरलं.

भिंतीवर उधारीच्या खाली खडूने लिहिलं:
सरकी. सोमवार. रात्रीपासून उपाशी.

संध्याकाळी देवकाबाई डबा ठेवायला आली,
चष्मा वर करून वाचलं, म्हणाली,
"काहून व, सरकी कधीपासून दळाले लागली?"
आणि आतून ही धावत आली, आपलं नाव ऐकून,
उंबऱ्याशी.
एक, दोन, तीन, चार,
पाच.