मागचा पाय

नवतपा चालू आहे. पहाटे पाचला जातो,
गोरेवाड्याकडच्या रस्त्याला
मुनीरभाईचं टिनाचं शेड.
आत लवंगी, भिंतीकडे तोंड करून.

फटाक्याचं नाव ठेवलं
आणि फटाक्यानंच पोळली.
सक्करदऱ्याची वरात, पाठीवर नवरदेव,
माळ पोटाखाली फुटली.
तेव्हापासून मखमली झूल खुंटीला,
घोडी बिनकामाची.

मी पण तसाच.
बावीस वर्षं एसटी चालवली, नागपूर–भिवापूर.
मग उमरेडच्या अलीकडे, एका संध्याकाळी
एक स्कूटर. एवढंच सांगतो.
चौकशीत निर्दोष सुटलो, कागद आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत, घडी करून.
पण माझ्या हातांना वाचता येत नाही.
ते अजून ब्रेक शोधत थरथरतात
शर्टाच्या बटनावर, पोरीच्या वेणीवर.

"काहून घाबरून राहिले जी रामटेकेजी,"
मुनीरभाई पहिल्या दिवशी बोलला,
"तुमच्याहून ती जास्त भेते."
खरारा हातात दिला
आणि चहाला निघून गेला.

नऊ दिवस तिनं पाहिलं नाही माझ्याकडे.
एक कान तेवढा वळायचा.
मी श्वास कोंडला की ताठ व्हायचा.
घोडीपुढं बरं असल्याचं सोंग चालत नाही.
डॉक्टरपुढं चाललं, डेपोत चाललं,
बायकोपुढं तर फारच छान चाललं.

दहाव्या दिवशी रिंग रोडवर ट्रकनं हॉर्न मारला.
दोघंही दचकलो.
ती दोराला ताण देऊन मागे,
मी खांबाला पाठ लावून,
आणि तोंडातून निघालं,
"काही नाही बाई, काही नाही, मी हाय न."
कुणाला म्हणालो, ठाऊक नाही.
मी आहे, हे वाक्य
वर्षभर वापरलंच नव्हतं.
तिनं नाकातून लांब हवा सोडली
माझ्या मानेवर.
ओली, कडब्याच्या वासाची.

पोटाखाली डाग आहे, तिथं केस उगवले नाहीत.
खरारा तिथवर जायचा आणि वळायचा.
काल तिनं तिथंही हात लावू दिला.

आज मुनीरभाई म्हणाला, खूर साफ करा.
पुढचे दोन सोपे.
मागचा पाय उचलता येत नाही जी,
तो तिनं द्यावा लागते.
मी वाकलो. मांडीवरून हात खाली नेला,
घोट्याशी थांबलो.
टिन तापून वाजायला लागलं होतं.
तिनं वजन पलीकडच्या पायावर घेतलं
आणि खूर माझ्या तळहातात ठेवला.

केवढा जड.
थरथरायला जागाच उरली नाही हातात.
आकडीनं खडे काढले, वाळलं शेण,
सोड्याच्या बाटलीचं एक चेपलेलं बूच,
आणि सावकाश खाली ठेवला.

मग हात पुन्हा थरथरले, थोडे.
थरथरू दे बापा.
अजून एक पाय राहिला आहे.