बॅटरी बदलताना

दर मंगळवारी मी ओढ्यावर जाते
चार बॅटऱ्या आणि एक कोरडं फडकं घेऊन.
मागे सेफाको मामा, कोयता बगलेत.
ओढ्यापाशी बोलायचं नाही, शीळ तर नाहीच नाही,
झाडाला यंत्र बांधलंय, ते ऐकतंय.

काय ऐकायचंय त्याला, ते अक्राहून आलेल्या बाईंनी
ओठांचा चंबू करून दाखवलं पहिल्या दिवशी.
मामा म्हणाला, असं नाही.
आणि जीभ मागे ओढून त्यानं जी शीळ घातली
ती ओली होती, दगडाखालून आल्यासारखी.
बाईंचं पेन थांबलं.
"शेवटचा कधी ऐकलात तुम्ही?"
"ऐकला की खाल्ला, ते आधी सांगा."

खाल्लेत मामानं. सगळ्या गावानं खाल्लेत.
रॉकेलचा कंदील, गुडघाभर गार पाणी,
दगडाच्या कपारीत कोपरापर्यंत हात,
आणि मुठीत येतो तो, भिजलेल्या साबणाच्या वडीसारखा:
आहे,
आहे,
नाही.
दहांतले नऊ निसटायचे. दहावा
लाल पामतेलात शिजायचा, मिरचीच्या रश्श्यात.
चव कशी असायची, मी विचारलं एकदा.
चढण संपेस्तोवर मामा काही बोलला नाही.
मग म्हणाला, "मिरचीची."

हा डोंगर ओलांडला की टोगो.
बेडकाला ते ठाऊक नाही. त्याला ठाऊक
एक धबधबा, त्याखालचा डोह,
आणि पाणी किती गार असलं म्हणजे पाणी म्हणायचं ते.
वरच्या अंगाला साग लावला कुणीतरी ओळीनं,
तेव्हापासून पावसात माती उतरते,
डोहातले दगड अर्धे पुरलेत.
कंदीलही कुणी नेत नाही आता. कशासाठी न्यायचा?

रात्री मी कानाला लावून ऐकते आठवडाभराचा ओढा.
(पैसे त्याचेच मिळतात, ऐकण्याचे.)
पाणी. पाणी. माकडं.
लाकूड कापायची करवत, दूर, रविवारी सुद्धा.
कपडे धुणाऱ्या बायका, त्यांत माझी आई,
माझ्या लग्नाबद्दल काहीतरी सांगतेय, जे मला सांगितलेलं नाही.
पाणी.
रकान्यात मी शून्य लिहिते. अकरा आठवडे
शून्याचा आकार छान जमायला लागला होता.

बाराव्या आठवड्यात, गुरुवारी, पहाटे दोन चाळीसला
शीळ.
ओली. दगडाखालची.
मी उठून उभी राहिले, वायर ताणली गेली,
यंत्र टेबलावरून पडता पडता वाचलं.
पुन्हा लावलं. पुन्हा शीळ,
थोडा वेळ पाणी,
आणि मग खोकला.

तो खोकला मी जन्मापासून ओळखते.
आमच्या भिंतीपलीकडे रोज झोपतो तो.

म्हणजे मामा जातो. रात्री, एकटा,
कंदिलाशिवाय, गुडघाभर पाण्यात उभा राहतो
आणि ज्यांना हाताने शोधायचा त्यांना
तोंडाने बोलावतो.
किती वेळा? त्या रात्री सहा वेळा, मोजलंय मी.
प्रत्येक शिळेनंतर तो थांबतो, आणि त्या थांबण्यात
मला त्याचा श्वास ऐकू येतो, धरून ठेवलेला.

सहाव्या वेळेनंतर थांबला तेव्हा
पाण्याच्या आत, खूप आत,
काहीतरी आहे.
पाऊण सेकंद. कदाचित फांदी फांदीवर घासली.
कदाचित नाही. चाळीसदा ऐकलं मी,
आणि प्रत्येक वेळी
आहे, आहे, नाही.

रकान्यात काय लिहिलं ते बाईंना कळवलंय.
मंगळवारी ओढ्याकडे उतरताना मामानं विचारलं,
"काही सापडलं का यंत्रात?"
मी म्हटलं, "कुणीतरी खोकत होतं."
तो कोयत्याने वाटेवरची वेल बाजूला करत राहिला,
करण्याएवढी ती आडवी नव्हती.
"थंडी असते," म्हणाला, "रात्रीची."

मी पुढे झाले. जुन्या बॅटऱ्या काढल्या,
फडक्याने पुसून नव्या घातल्या.
या वेळी आठ आणल्या होत्या.