आधी आवळायचं

बांबोळीच्या टेकडीवर, कॉलेजच्या जुन्या लेक्चर हॉलमध्ये
बाकं भिंतीला लावून
आम्हा एकोणचाळीस जणांना चटयांवर उताणं झोपवलंय.
तळवे वर. पाय थोडे फाकलेले.
"ॲनाटॉमिकल पोझिशन," ग्रिझेल्डा कुजबुजते,
आणि डोळ्यांसमोर येतं खालच्या मजल्यावरचं टेबल नंबर चार.
तिथलेही असेच झोपतात, रांगेनं,
फक्त त्यांना परवा व्हायवा नाही.

हसू येतं. मग येत नाही.
केसांना अजून फॉर्मलिनचा वास आहे.

डॉक्टर कुलासो चपला काढून आमच्यामधून फिरतात.
उजवी मूठ, म्हणतात. आवळा. अजून.
सातपर्यंत मोजतात,
बाजारात बांगडे मोजावेत तसे, एकेक सुटा.
आता सोडा.
नुसती सैल नको करू गो, सोड.

मला फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा उगम येतो,
तो कुठे जाऊन चिकटतो तेही येतं,
त्यात मीडियनचा वाटा किती, अल्नरचा किती,
झोपेतून उठवून विचारा.
सोडायचं कसं, ते कुठल्याच पानावर नव्हतं.

खांदे कानांपर्यंत. सोडा.
कपाळ, मग डोळे गच्च.
पोटऱ्या बेतानं, वांब येईल.
पलीकडच्या चटईवर उर्वेश गावडे,
दुसऱ्यांदा बसतोय परीक्षेला,
खांदे खाली आले तसा रडायला लागतो. आवाज न करता.
बाई थांबत नाहीत, त्याच्या बाजूला फक्त
मांडी घालून बसतात, आणि आकडे तिथून येऊ लागतात.

आता जबडा. दातांवर दात ठेवा.
मी ठेवायला जाते
तर ते आधीच ठेवलेले.
कधीपासून?
बारावीपासून असतील. किंवा त्याच्याही आधी,
आईनं पिठाच्या गिरणीवर सगळ्यांदेखत
"आमची डॉक्टर" म्हटलं होतं, त्या दुपारपासून.
मॅसेटर, मी त्याला नावानं हाक मारते.
चार महिने लाल पेन्सिलीनं तुझं चित्र काढतेय
आणि तू इथे होतास,
माझ्याच गालात, रात्रपाळीवर.

मागच्या रविवारी घरी गेले, सत्तरीला.
बाबा कातळात खोदलेल्या कोळंबीत उतरलेले,
काजूची बोंडं तुडवत, गुडघ्यांपर्यंत पिवळे.
तुडवून झालं की लगद्याचा ढीग वेलीनं बांधतात,
वर धोंडा ठेवतात,
आणि मग बाबा काहीच करत नाहीत.
विडी ओढतात. कुत्र्याशी बोलतात.
रात्रभर निरो ठिबकतो, नितळ,
गोड इतका की मधमाश्यांना उजाडायचा धीर नसतो.
मी विचारलं, अजून दाबलं तर जास्त येईल?
येईल, म्हणाले. गढूळ.

सोडा, म्हणाल्या बाई.
ओठ मिटलेले, दात सुटे.
जीभ कुठे ठेवायची तेच कळेना,
पाहुण्याच्या घरी हात कुठे ठेवावेत तसं.
मागच्या रांगेत कुणीतरी घोरलं
आणि ग्रिझेल्डाचं पोट हसून हललं, मी पाहिलं.

व्हायवाला हुबळीचे सर होते, चष्मा कपाळावर.
पोस्टिरियर कॉर्डच्या शाखा सांग.
चार आल्या.
पाचवीसाठी मी ॲप्रनच्या खिशात मूठ आवळली,
सात बांगडे मोजले,
सोडली.
नाही आली.
"आठवत नाही, सर," मी म्हणाले,
आणि म्हणताना माझे दात एकमेकांना लागले नव्हते.
त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी वाळपईची बस साखळीच्या स्टँडवर थांबली.
कंडक्टर चहाला उतरला.
खिडकीखाली एक बाई सुरंगीचे वळेसर विकत होती,
मी दहा रुपयांचा एक घेतला, सुट्टे मोजत होते,
तेव्हा, कुणी विचारलेलं नसताना,
थोरॅकोडॉर्सल.