पसंतीक्रम

गोळीबार चौकात माझं ऑनलाइन सेंटर.
जून. कूलरमधलं पाणी संपलेलं,
आणि अकरावीचे फॉर्म.

सोनकुसरे बापलेक आले.
"सायन्स टाका भाऊ. बाकीचं काही विचारू नका."
पॉवरलूमच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस,
हळू बोलताच येत नाही त्याला.
ओटीपी मृणालच्या फोनवर आला.
तिनं एकेक आकडा वाचला,
शेवटच्याशी अडली,
दिसतच नसल्यासारखी.

बाप मोसंबीचा रस आणायला गेला
तशी म्हणाली,
"काका, नाग नदी कुठवर जाते, माहीत आहे?"
रोज नाक दाबून पूल ओलांडणारा मी.
"नाल्याले कोण विचारते, पोरी?"
कन्हान, ती म्हणाली. मग वैनगंगा,
प्राणहिता, गोदावरी.
टेबलावरच्या धुळीत तिचं बोट
पार समुद्रापर्यंत गेलं.

रस आला, तीन ग्लास.
स्क्रीनवर शाखेचा रकाना कोराच.
"काहून थांबले?"
"आर्ट्स," मृणालच बोलली. "भूगोल."
आणि एका दमात ग्लास रिकामा केला,
तेवढ्यापुरतं तोंड झाकायला.

बाप माझ्याकडे वळला.
"त्यानं पुढं काय होते, भाऊ?"
"मले काय माहीत," मी म्हटलं,
"मी सायन्सचा आहो."

हसला नाही.
मागं रांग, सेशन संपायला चार मिनिटं.
त्यानं खुर्ची ओढली,
तुटलेलं सूत शोधावं तसं वाकून
धुळीतल्या रेघेवर बोट ठेवलं :
"हे काय होय?"